महारुद्रचा उजवा हात

सेलूच्या जिनिंगसमोर कापसाच्या ट्रकांची रांग लागली होती. वजनकाटा दोनला उघडणार होता. महारुद्रचा नंबर दुसरा होता आणि मागं नऊ गाड्या.

त्याच्या ट्रकचं इंजिन उभ्या उभ्या पाच मिनिटांनी आपोआप बंद पडायचं. डिझेल वाचावं म्हणून आतच तशी सोय केलेली. पण स्टार्टर म्हातारा. रांगेत दहादा चालू केल्यावर अकराव्यांदा उचलेल याचा भरवसा नव्हता. म्हणून त्यानं पुतणीला बोलावलं. योगिनी ट्रॅक्टरच्या वर्कशॉपात कामाला होती. तिनं स्टिअरिंगखाली आगपेटीएवढी डबी खोचली, ती फोनला जोडली. फोनवर ट्रकचे सगळे आकडे उमटले.

पाचाचे तीस करायचे, एवढंच काम. योगिनीनं आधी सगळ्या आकड्यांची नक्कल फोनमध्ये उतरवून घेतली, वर एकेक आकडा वहीत लिहिला.

"एक आकडा बदलायचा अन् पानभर लिहायलीस," महारुद्र म्हणाला. "लगीन ठरवायलीस का ट्रकचं?"

"काका, आता चावी चालूच ठेवा. मधीच करंट तुटला तर गाडी उठायची न्हाई."

दोनला दहा कमी होते. नवा आकडा चढू लागला, फोनवरची पट्टी सरकू लागली. एकेचाळीस टक्क्यांवर पुढचा ट्रक हलला. काटा लवकर उघडला होता. किती जागा झाली ते बघायला महारुद्रनं दार उघडलं आणि उतरता उतरता त्याचा उजवा हात बॅटरीच्या मेन स्विचवर गेला.

खट्.

येलदरीच्या वाटेवर एकदा वायर जळून त्याचा भरलेला कापूस पेटला होता. तेव्हापासून तीस वर्षं स्विच पाडल्याशिवाय तो केबिनमधून उतरला नव्हता.

"काका," योगिनी एवढंच म्हणाली.

त्यानं स्विच वर केला. चावी फिरवली. डॅशबोर्डवर दोन लाल दिवे लागले. स्टार्टर गप्प.

मागच्या ट्रकमधून लिंबाजीनं हॉर्न दाबला. "ओ मामा, झोपलात का?"

"जुनी नक्कल परत चढवते," योगिनी म्हणाली. "आता ही बी अर्धी राहिली तर गाडी परभणीपर्यंत ओढतच न्यावी लागंल."

महारुद्रनं डोक्याचा रुमाल काढला. उजवं मनगट स्टिअरिंगला बांधलं आणि दातांनी गाठ ओढली.

दहा टक्के. पंचवीस. काटेवाला हाका मारू लागला. मागं आता तीन हॉर्न वाजत होते. एकेचाळिसावर पट्टी अडली. महारुद्रची बोटं वळवळली. रुमाल ताणला गेला. पट्टी पुन्हा सरकली. साठ. नव्वद. शंभर.

डाव्या हातानं त्यानं चावी फिरवली. स्टार्टर दोनदा घरघरला, तिसऱ्यांदा इंजिन लागलं.

गाठ घट्ट बसली होती. ती योगिनीनं नखांनी सोडवली. "पाचाचे तीस करायचे का आता?"

"न्हाई. संध्याकाळी गाडी रिकामी झाल्यावर ये." त्यानं पहिला गिअर टाकला. "वही आण. रुमाल माझ्याकडं हाय."