वडिलांनी मिळवलेली बुकिंग्ज

दोन हजार सतरा साली मी डहाणूजवळ सरावलीत, एका खोलीच्या ऑफिसात बिझनेस अ‍ॅनालिस्ट होते. म्हणजे लोकांना नेमकं काय हवंय ते शोधून काढायचं आणि प्रोग्रामरना समजेल अशा भाषेत लिहून द्यायचं. आमच्या गावात, बोर्डीत, हे कुणालाच काम वाटायचं नाही. शेजारची काकू दर वेळी विचारायची, "मग संध्याकाळी घरी कशी एवढी दमून येतेस?"

आई गेल्यावर बाबा चिकूच्या वाडीत एकटेच राहिले होते आणि मी तेव्हा पुण्यात नोकरीला होते. माझ्या कंपनीने चिकूवाल्यांसाठी टेम्पो बुक करायचं अ‍ॅप काढायचं ठरवलं तेव्हा मी हात वर केला, त्यात बाबांचा वाटा कामापेक्षा मोठा होता. अ‍ॅप साधं होतं. आज किती क्रेट निघणार ते प्रत्येक बागायतदाराने सकाळी कळवायचं. दुपारनंतर आमची एकच गाडी वाडीवाडीतून माल उचलत हायवेवर चारोटीला उभ्या असलेल्या मोठ्या ट्रकपर्यंत नेणार. अ‍ॅप चाललं तर सरावलीचं ऑफिस राहणार, नाहीतर मी पुन्हा पुण्याला. बाबांना मी हे सुरुवातीलाच स्पष्ट सांगितलं होतं. ते "बरं" एवढंच म्हणाले आणि पाटाचं पाणी बघायला गेले.

आमचं काम दोन-दोन आठवड्यांच्या तुकड्यांत चालायचं. त्याला स्प्रिंट म्हणायचे. प्रत्येक स्प्रिंटच्या शेवटी पुण्याहून साहेब यायचे आणि काय बांधलं, काय चाललं ते बघायचे. पहिले काही रिव्ह्यू झकास गेले. बुकिंग रोज वाढत होतं आणि मी कॉलर ताठ करून आलेख दाखवत होते.

मग गाडीच्या फेऱ्यांचा हिशेब आला तेव्हा कळलं, लोक बुकिंग रद्द करतायत. सकाळी बुक केलेलं चारच्या सुमाराला रद्द. गाडी निम्मी रिकामी चारोटीला जायची. साहेबांचा फोन आला. "रद्द केलं की दंड. या शुक्रवारी मला ते चालताना दिसलं पाहिजे. त्यानेही गाडी भरत नसेल तर आपण दुकान बंद करू."

खरं तर मी सगळ्या वाड्यांत जाऊन मुलाखती घेतल्या होत्या. प्रत्येकाच्या ओट्यावर बसून चहा प्यायले होते. सगळे म्हणाले होते, छान आहे, सोयीचं आहे, चालू ठेवा. ती वाक्यं पिवळ्या चिठ्ठ्यांवर लिहून मी ऑफिसच्या भिंतीवर चिकटवली होती. आमचा प्रोग्रामर त्या भिंतीकडे बघत म्हणाला, "तुझ्या भिंतीवर सगळे खूश आहेत आणि गाडी मात्र रिकामी जातेय." माझ्या डोक्यात तिडीक गेली, कारण त्याचं म्हणणं बरोबर होतं.

आमच्या धंद्यात एक पद्धत आहे. विचारून कळत नसेल तर विचारणं थांबवायचं आणि माणूस काम करत असताना तिथे जाऊन नुसतं बघायचं. बुधवारी दुपारी मी स्कूटर काढली आणि आमच्या गल्लीतल्या पहिल्या वाडीसमोर जाऊन उभी राहिले. शुक्रवारला आता एकच दिवस मध्ये होता.

चार वाजता तलासरीचा टेम्पोवाला आला. हा माणूस मी शाळेत असल्यापासून आमच्याकडचे चिकू न्यायचा. त्याने टेम्पोची मागची फळी खाली पाडली. आतून त्याच्यासाठी चहा आला, मागोमाग क्रेट आले आणि ते भरत असतानाच वाडीवाल्या काकांनी खिशातून फोन काढून आमचं बुकिंग रद्द केलं. मान वर केली तर समोर मी.

"अगो, हा आज सहज आला," ते म्हणाले. चेहरा पार पडला होता त्यांचा.

"सहज कुठला? मी तर रोजच येतो, बाय," टेम्पोवाला सरळपणे म्हणाला. त्याला लपवण्यासारखं काहीच नव्हतं.

पुढच्या वाडीतही तेच झालं, त्याच्या पुढच्या वाडीतही तेच. मी अंतर ठेवून त्याच्या मागे जात होते आणि मनातल्या मनात दंडाचा स्क्रीन कसा दिसेल ते जुळवत होते. मग टेम्पो आमच्या फाटकात वळला.

मी स्कूटर कोपऱ्यावरच थांबवली. बाबांनी त्याला खुर्ची दिली. दोघं काहीतरी बोलून हसले. क्रेट चढले. बाबांनी चष्मा लावला, फोन डोळ्यांजवळ धरला आणि बोटाने सावकाश काहीतरी दाबलं. माझ्या हातातला फोन थरथरला. आमच्या वाडीचं बुकिंग रद्द झालं होतं.

टेम्पो गेल्यावर मी आत शिरले. आमच्या प्रशिक्षणात शिकवलं होतं की मुळाशी जायचं असेल तर पुन्हा पुन्हा 'का' विचारत जा. ते शिकवणाऱ्याने आमच्या घरात एकदा तरी वडिलांना दुसऱ्यांदा 'का' विचारून बघायला हवं होतं.

"बाबा, रद्द का केलंत?"

"तो आला होता ना."

"आला तर परत का नाही पाठवत?"

"दारात आलेल्याला परत पाठवतात? तुझ्या आईला दवाखान्यात नेलं ते त्याच्याच टेम्पोतून."

"मग त्याला येऊ नको म्हणून आधीच का नाही सांगत?"

"इतक्या वर्षांनी? कुठल्या तोंडाने सांगू?" त्यांचा आवाज चढला होता. ते उठून पंपाकडे निघाले. मी मागे मागे गेले.

"मग रोज सकाळी बुक कशाला करता?"

त्यांनी पंप चालू केला. पाणी पाटात पडायला लागलं तरी ते माझ्याकडे वळले नाहीत.

"तू इथे राहावीस म्हणून."

"आणि बाकीचे? ते का करतात?"

"त्यांना मीच फोन करतो सकाळी. माझी मुलगी आहे म्हटल्यावर नाही कसं म्हणतील?"

मला त्यांचा भयंकर राग आला आणि त्याच क्षणी रडूही यायला लागलं. जो आलेख मी मिरवत होते तो बाबांच्या सकाळच्या फोनांचा होता. गावाने सकाळी बाबांची भीड राखली होती, दुपारी टेम्पोवाल्याची, आणि माझ्यासमोर ओट्यावर बसून माझी. 'नाही' हा शब्द कुणीच कुणाला म्हटला नव्हता.

गुरुवारी मी दंडाची स्टोरी, म्हणजे काय बांधायचं ते प्रोग्रामरला सांगणारा मजकूर, लिहायला बसले आणि माझ्या लक्षात आलं की दंड लावला तर खरंच काम होणार होतं. कुणीही पैसे भरण्यापेक्षा माल आमच्या गाडीत टाकला असता. गाडी भरली असती, ऑफिस टिकलं असतं, मी बाबांजवळ राहिले असते. तलासरीचा माणूस तेवढा रिकामा परत गेला असता. मी फक्त गप्प बसायचं होतं. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही आणि घरी आम्ही दोघंही एकमेकांची नजर चुकवत राहिलो.

शुक्रवारी साहेब आले. प्रोग्रामरने दंड चालवून दाखवला. साहेब खूश होऊन माझ्याकडे वळले. "मग, भरेल गाडी?"

"भरेल," मी म्हटलं. "पण सर, ही गाडी कुणालाच नकोय." आणि मग बाबांच्या फोनांसकट सगळं सांगून टाकलं.

साहेब काही वाईट माणूस नव्हते. बराच वेळ भिंतीवरच्या चिठ्ठ्या वाचत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे हे प्रॉडक्ट नक्की कुणाला हवंय?"

"मला," मी म्हटलं. "आणि माझ्या वडिलांना."

महिनाअखेरीस ऑफिस बंद करायचं ठरलं. प्रोग्रामर लॅपटॉप पिशवीत भरून माझ्याकडे न बघता निघून गेला. त्याचंही काही चुकलं नव्हतं, त्याचीही जागा गेली होती.

घरी आले तेव्हा बाबा ओट्यावर चिकू निवडत बसले होते. मी चपला न काढताच सांगितलं, की मी खरं सांगितलं आणि ऑफिस बंद होतंय. मला वाटलं, आता "बरं" म्हणतील आणि उठून जातील. त्यांनी हातातला चिकू खाली ठेवला.

"जाऊ नकोस," ते म्हणाले. "मला एकट्याला जमत नाही, बाय."

बाबांनी त्याआधी माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. 'हो' अगदी ओठांवर आलं होतं, पण ते मला पाळता येईल की नाही हे ठाऊक नव्हतं, म्हणून मी ते तसंच धरून ठेवलं आणि त्यांच्या शेजारी बसले.