मडमेचं पिसांचं झाड

माझा जन्म धुळ्याला एका जर्मन मडमेच्या हातावर झाला. ती मिशनच्या दवाखान्यात नर्स होती आणि माझी आई तिच्या हाताखाली काम करायची. प्लेगच्या साथीत लोक गाव सोडून शेतात झोपड्या बांधून राहिले, तेव्हा या दोघी ओस पडलेल्या गल्ल्यांतून आजाऱ्यांना पेज पाजत फिरल्या. आई ख्रिस्ती झाली त्या दिवशी सासरच्यांनी तिच्या अंगावरचं किडूकमिडूक उतरवून घेतलं होतं, माहेरचं दार बंद झालं होतं. त्यानंतर तिला जिवाभावाचं माणूस मिळालं ते म्हणजे ही मडम.

मडमेकडे नाताळचं एक झाड होतं, खोटं. तारेच्या फांद्यांवर हिरवी रंगवलेली पिसं गुंडाळलेली, फांदीच्या टोकाला लाल मणी. फांद्या छत्रीसारख्या मिटायच्या आणि झाड एका लाकडी पेटीत मावायचं. दर नाताळाला ती आणि आई मिळून ते उघडायच्या.

मी शाळेत जायला लागले होते तेव्हा लढाई सुरू झाली, ती पहिली मोठी लढाई. जर्मन म्हणून मडमेला न्यायला पोलीस आले. कुठल्याशा छावणीत नेणार होते. दवाखान्याच्या व्हरांड्यात, सगळ्यांच्या देखत, तिने ती पेटी आईच्या हातात दिली. "हे तुझं," ती आपल्या मोडक्या मराठीत म्हणाली. "मिशनचं नाही. तुझं." आई रडली नाही. तिने पेटी डोक्यावर घेतली आणि भर बाजारातून घरी आणली.

त्या नाताळात आईने झाड आमच्या ओट्यावर मांडलं. नाना, म्हणजे माझे वडील, आईबरोबरच ख्रिस्ती झालेले, त्याच दवाखान्यात कंपाउंडर होते. ते घाबरले.

"आत ठेव. दिवस बरे नाहीत."

"आत कशाला? चोरून आणलंय का?"

दुसऱ्याच दिवशी मिशनचे इंग्रज साहेब आले. त्यांना मराठी चांगलं यायचं. ते ओट्याखालीच उभे राहिले.

"ही जर्मन वस्तू आहे," ते म्हणाले. "माझा भाऊ तिकडे लढतोय. हे जाळून टाका."

बोलताना त्यांचा आवाज कापत होता, ते मला अजून आठवतं. आईने पदर सावरला.

"तुमच्या भावासाठी मी रोज प्रार्थना करते, साहेब. पण झाड जाळणार नाही."

"ते मिशनचं आहे."

"मिशनचं असतं तर तिने मिशनला दिलं असतं. माझ्या हातात दिलंय, बठ्ठ्या लोकांसमोर, सगळ्यांच्या देखत."

"मी काय सांगतोय ते कळतंय का तुला?"

"कळतंय. तुम्ही तापाने फणफणला होतात तेव्हा कपाळावर पट्ट्या ठेवणारी कुठल्या देशाची होती, ते तुम्हालाही ठाऊक आहे."

साहेबांचा चेहरा लाल झाला. ते पाठ फिरवून चालू लागले. नाना आत भिंतीला टेकून बसले होते.

नवीन वर्ष लागलं आणि नानांची बदली झाली, सातपुड्याच्या पायथ्याशी, एका खोलीच्या दवाखान्यावर. तिथे जायला कोणी तयार नसायचं. आम्ही सामान बैलगाडीत भरलं. पेटी आईने मांडीवर घेतली. नाना तिच्याकडे पाठ करून बसले. एका नाल्यापाशी बैलांना पाणी दाखवायला गाडी थांबली, तेव्हा म्हणाले, "एका झाडापायी."

"एका माणसापायी," आई म्हणाली.

तिथले दिवस सोपे नव्हते. छपरातून विंचू पडायचे. पहिल्याच पावसाळ्यात नानांना हिवताप झाला आणि तो त्यांना पुढे कायमचा चिकटला. तापात ते आईला बोल लावायचे. ती ऐकून घ्यायची आणि काढा उकळायची. पण नाताळ आला तेव्हा तिने पुन्हा झाड मांडलं, दारात, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं. डोंगरातून मोळ्या घेऊन उतरणाऱ्या बाया थबकल्या.

"हाई काय शे वं?" एकीने अहिराणीत विचारलं.

"झाड शे."

तिने जवळ येऊन फांदी चाचपली आणि मागे वळून ओरडली, "झाड नही वं, कोंबडी शे!"

सगळ्या खो खो हसल्या. खाटेवर पडलेले नानाही हसले. धुळं सोडल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. पुढे त्याच बाया पिसं आणून द्यायला लागल्या. कसरीची कीड लागून झाडाची पिसं झडायची. आई कोंबडीची पिसं हिरव्या रंगात बुडवून वाळवायची आणि दोऱ्याने तारेला बांधायची. मूळच्या पिसांशी रंग कधीच जुळला नाही. पेटीत ती कडुनिंबाचा पाला घालायची.

लढाई संपली. मडम परत आली नाही. जिवंत होती की नाही, तेही कधी कळलं नाही.

नाना निवृत्त झाल्यावर आम्ही अमळनेरला राहायला आलो. माझा धाकटा भाऊ तिथे तेलाच्या गिरणीत नोकरीला लागला होता. परदेशी कापडाच्या होळ्या पेटू लागल्या तेव्हा तो खादी घालायला लागला. एका संध्याकाळी तो आईसमोर उभा राहिला.

"आई, ते झाड दे. घरात विलायती माल ठेवून मी बाहेर काय तोंडाने बोलू?"

"माझ्या विलायती साड्या ने," आई म्हणाली. तिने खरोखरच दोन साड्या काढून त्याच्या हातावर ठेवल्या. "झाड नाही मिळणार. साहेबाने जर्मन म्हणून मागितलं, तू विलायती म्हणून मागतोस. तिचं नाव घेऊन कोणी मागत नाही."

भाऊ साड्या घेऊन गेला. त्या नाताळात तो घरी जेवला नाही. आईने त्याचं ताट वाढून ठेवलं, पण झाड हलवलं नाही. पुढच्या वर्षी तो तुरुंगात होता. सुटून आला तो वाळून आला होता. आईने त्याला सगळ्यांआधी जेवू घातलं. झाडाबद्दल दोघांचं शेवटपर्यंत पटलं नाही.

मी जळगावला शिक्षिका झाले. लग्न केलं नाही. नाना गेल्यावर आईला आणि पेटीला माझ्याकडे घेऊन आले. दुसरी लढाई संपली त्या सुमाराची गोष्ट. आईची नजर गेली होती. घरमालक भला माणूस, पण नाताळाच्या आदल्या दिवशी जिन्यात थांबून म्हणाले, "अक्का, दिवस पेटलेले आहेत. झाड या वर्षी आतल्या खोलीत मांडा. साहेबांचा सण म्हणून कोणी चिडेल. लोकांना कशाला निमित्त?"

मी हो-नाही काही म्हणायच्या आत खोलीतून आईचा आवाज आला. "दार उघड गं. पूर्ण उघड."

मी दार उघडलं. आईने मला तिची खुर्ची उंबऱ्यापाशी ओढायला लावली. मी फांद्या उलगडत गेले आणि ती प्रत्येक फांदी बोटांनी चाचपत राहिली. जिन्यावरचे शेजारी बघत होते.

"ही वाकडी आहे," ती म्हणाली.

मी सरळ केली.

"अजून वाकडी आहे. लोक बघताहेत ना? मग नीट कर."