चतुर्थीचं पाणी

माझं माहेर पालीकडचं, भाताच्या खाचरांतलं. समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तो लग्न होऊन हरिहरेश्वराजवळ नारळी-पोफळीच्या वाडीत आले तेव्हा. भरतीची वेळ काढायला सासूबाईंनी शिकवलं. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन. एवढं पाठ झालं आणि मला वाटलं, समुद्र आपल्याला कळला.

देश स्वतंत्र होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. पालीच्या गणपतीला नवस बोलून, वर्षभर चतुर्थ्या धरून मला मुलगा झाला. चौदा महिन्यांचा होता, श्रावणात तापाने गेला. त्यानंतर घरात कुणी त्याचं नाव काढेना. सासूबाई तर पाळण्याच्या कड्यांकडे बघतसुद्धा नसत. सासूबाईंचं काळीज दगडाचं आहे, असं मी मनात ठरवून टाकलं. मी रडले नाही. मला राग आला होता, थेट गणपतीचाच. देवघरावरून जाताना मी तोंड फिरवत असे. बाळाचं लाल टोपरं मात्र तांदळाच्या डब्यामागे लपवून ठेवलं होतं.

माघातली चतुर्थी आली. पालीला गणपतीचा उत्सव, आमच्याकडे मोदकांसाठी नारळ खवणं चाललेलं. माझं डोकं फिरलं. टोपरं कमरेला खोचलं आणि कुणाला न सांगता प्रदक्षिणेच्या वाटेने निघाले. हरिहरेश्वराची प्रदक्षिणा म्हणजे डोंगर चढायचा, कड्यांमधल्या पायऱ्या उतरायच्या आणि समुद्राच्या कडेने खडकांवरून देवळाकडे यायचं. ओहोटी असेल तरच ही वाट मिळते. टोपरं पाण्यात फेकून देवाला सांगायचं होतं, घे, एवढंच राहिलं होतं. दुपारचा एक वाजला असेल. पाणी तीनला येणार, म्हणजे वेळ भरपूर आहे, असं मी धरून चालले होते.

अर्ध्या वाटेवर थांबून मी टोपरं फेकलं. लाटेने ते परत पायाशी आणलं. पुन्हा फेकलं, पुन्हा आलं. तिसऱ्यांदा फेकलं तेव्हा पाणी घोट्याला लागलं होतं. मागे पाहिलं तर आले ती वाट बुडाली होती, आणि पुढे फेस.

"वर चढ बाय! हितं!" वरच्या कातळावर एक म्हातारी कोळीण कालवं फोडत बसली होती. टोपरं उचलून मी चढले, गुडघे सोलून निघाले. तिने खडकावरची शिंपल्यांची पांढरी रेघ दाखवली. "ह्या रेघंच्या वर आज पानी न्हाय यायचं. उधान सरलंय. बस."

तिला त्या कातळांवरून सहज निघून जाता आलं असतं. नऊवारीत धडपडणाऱ्या मला ते जमणारं नव्हतं. ती गेली नाही. टोपली बाजूला ठेवून माझ्याजवळ बसली आणि ओल्या टोपऱ्याकडे बघून म्हणाली, "पोर कसं हुतं गं?"

सहा महिन्यांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी सांगायला लागले. वाडीतला रहाट कुरकुरला की तो हसायचा. दोन दात वर, तीन खाली. सांगता सांगता जे रडू आलं ते आवरेचना. तिने उगी म्हटलं नाही. नुसती "व्हय, व्हय" करत राहिली.

पाणी चढत आमच्या पायांखाली आलं. रेघेखाली दोन बोटांवर येऊन थांबलं. "बग आता," ती कुजबुजली. लाटा बसल्या. एक नारळाची शेंडी तरंगत होती, ती ना आत जाईना ना बाहेर. एवढा मोठा समुद्र श्वास रोखून उभा होता. हात आपोआप जोडले गेले, आणि कुणाला जोडले हे मला आजही सांगता येणार नाही. मग शेंडी हळूच खोल पाण्याकडे निघाली.

"आता टाकलंस तर नेईल," ती म्हणाली. मी टोपरं पिळलं आणि पुन्हा कमरेला खोचलं.

वाट मोकळी झाल्यावर घरी पोचले. सासूबाई पायरीवर बसून होत्या, चेहरा पांढराफटक. मी सगळं सांगितलं. "तीनला पाणी पुरं भरतं गो," त्या म्हणाल्या, "यायला लागतं ते सकाळी नवापासनं." मग माझ्या कमरेकडे लक्ष गेलं. त्यांनी टोपरं ओढून घेतलं, नाकाशी धरलं आणि त्यांचा चेहराच मोडला.

"वास गेला गो त्याचा," त्या म्हणाल्या. "तू वाडीत गेलीस की डब्यामागनं काढून रोज हुंगत होत्ये मी."

मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले आणि बाळाचं नाव घेतलं. मग त्यांनी घेतलं.