लाइन कोरडी द्या

सोमवार, फेब्रुवारीचा दुसरा आठवडा, सकाळी साडेनऊ. जागा : प्रसूती विभागाचा दुसरा मजला. हजर : आमच्या हॉस्पिटलचे मेडिकल सुपरिंटेंडेंट डॉ. इनामदार, विभागाच्या इन्चार्ज सिस्टर कांबळे, प्लंबिंगचे कॉन्ट्रॅक्टर रणजित चव्हाण व त्यांची माणसं, आणि मी, मेंटेनन्स इंजिनिअर. गैरहजर : कुणी नाही.

अशी हजेरी मी कामाच्या प्रत्येक दिवशी लिहिते. नंतर "मला कुणी सांगितलंच नव्हतं" असं ऐकावं लागत नाही.

डॉक्टर म्हणाले, "मॅडम, संध्याकाळी सहाला वॉर्डात गरम पाणी पाहिजे. नाही आलं तर जुना पाइप परत जोडा आणि काम बंद. बाळंतिणी ठेवून प्लंबिंग करायला हे लॉज नाही."

"जुना पाइप परत जोडला तर खालचं ओटी बंद ठेवावं लागेल, सर."

त्यांनाही ते माहीत होतं.

आमच्याकडे गच्चीवर सोलर आणि बॉयलर आहे. तिथून गरम पाण्याचा लोखंडी पाइप प्रत्येक मजल्यावर उतरतो. दुसऱ्या मजल्याचा पाइप फरशीखालून जातो, आणि त्याच्या बरोबर खाली सिझेरियनचं ऑपरेशन थिएटर, म्हणजे ओटी, आहे. पाइप गंजला होता. ओटीच्या छताच्या कोपऱ्यात ओलीचा डाग उमटला होता आणि दर आठवड्याला तो थोडा पसरत होता. ओटीत थेंब पडला की ओटी बंद. मग अडलेल्या बाईला ॲम्ब्युलन्समध्ये घालून दुसरीकडे पाठवायचं. हे होऊ द्यायचं नव्हतं. म्हणून मी चालू वॉर्डात काम काढलं होतं.

नवा पाइप चव्हाणांनी आधीच भिंतीच्या कडेनं टाकून ठेवला होता. गरम पाण्याला चालणारा तो प्लास्टिकचा पाइप असतो, त्याला सीपीव्हीसी म्हणतात. आज फक्त जुना पाइप कापायचा आणि नवा जोडायचा. जोड सोल्युशननं चिकटवतात. पाइप आतून ओला असेल तर सोल्युशन धरत नाही. म्हणून करारात मी एक अट घातली होती : व्हॉल्व्ह बंद करून लाइन कोरडी देणं हॉस्पिटलचं काम, कोरड्या लाइनवर जोडणी कॉन्ट्रॅक्टरचं काम. बाहेरच्या माणसानं आमच्या व्हॉल्व्हना हात लावू नये, म्हणून ही अट.

मी व्हॉल्व्ह बंद केला. खालचा नळ सोडून लाइन रिकामी होऊ दिली. चव्हाणांनी डक्टमध्ये, म्हणजे पाइप जातात त्या उभ्या बोळात, जुना पाइप कापला. आधी गरम पाणी आलं. ते आतलं उरलंसुरलं असणार, म्हणून आम्ही थांबलो. चहा झाला. पाणी चालूच.

"मॅडम, एक पाव मागवा," चव्हाण म्हणाले.

"भूक लागली?"

"खायला न्हाय ओ. पाइपात कोंबायला. पाव पाणी धरून ठेवतोय, तवर जॉइंट मारतो. मागनं विरघळून जातोय की."

"कुठून जातो?"

"नळातनं."

"कुठल्या नळातून? तान्ह्या बाळांच्या अंघोळीच्या?"

चव्हाणांनी कपाळ पुसलं. "मग करारात तुम्हीच लिवलंय. लाइन कोरडी देणार हॉस्पिटल. द्या कोरडी. माझी माणसं बसल्यात."

चव्हाण शिवाजी पेठेतले. आवाज असा, की डक्टमध्ये बोलले तरी तळमजल्यावर ऐकू जातं. पण बोलणं चूक नव्हतं. अट माझी होती.

"व्हॉल्व्ह गळतोय तुमचा," ते म्हणाले. "मेन बंद करा, मिटलं."

"मेन बंद म्हणजे सगळे मजले, लेबर रूमसकट. ते जमणार नाही." मी वाकून धारेत हात घातला. "चव्हाण, हात घाला."

त्यांनी घातला. "गार हाय की!"

"वर गरम पाण्याची टाकी आहे. व्हॉल्व्ह गळत असता तर पाणी गरम आलं असतं. हे गार पाण्याच्या लाइनमधून येतंय. कुठून तरी शिरतंय."

गरम आणि गार लाइन एकमेकींना फक्त मिक्सरमध्ये भेटतात. मिक्सर म्हणजे दोन चाव्या आणि एक तोंड असलेला नळ. दोन्ही चाव्या उघड्या असतील आणि तोंड बंद असेल, तर गार पाणी आतल्या आत गरम लाइनमध्ये घुसतं. बाहेर थेंब दिसत नाही. असा एक नळ या मजल्यावर कुठेतरी होता.

"बायका अंघोळीला असतात," सिस्टर कांबळे म्हणाल्या. "तुमची माणसं आत नकोत."

मग मी आणि सिस्टर निघालो. एकेक बाथरूम घेतलं. प्रत्येक मिक्सरच्या दोन्ही चाव्या हातानं घट्ट केल्या. एका बाळंतिणीची आई दारातून म्हणाली, "गरम पाणी कवा येणार ओ बाई? सांजच्याला न्हायला घालायची हाय लेकीला." "सहाला," मी म्हणाले. एकदा बोलून बसल्यावर मागे फिरता येत नाही.

शेवटचं बाथरूम झालं. मी डक्टकडे ओरडले, "थांबलं?"

"कशाचं थांबतंय! नदी हाय नदी!"

सिस्टर माझ्याकडे वळल्या. "आमचे नळ बंद आहेत, मॅडम. आता तुमचं इंजिनिअरिंग उघडा."

"बाळांच्या अंघोळीची खोली राहिली."

"तिथला नळ बंदच आहे. सकाळी मीच बघितला. थेंबसुद्धा पडत नव्हता."

"चाव्या बघितल्या का तोंड?"

सिस्टर थांबल्या आणि सरळ त्या खोलीकडे चालू लागल्या.

ती खोली मालूमावशींची. त्या इथल्या जुन्या आया. मिक्सरच्या तोंडाला त्यांनी रबरी नळी बसवली होती आणि नळीच्या टोकाला दुमडून लोखंडी चिमटा लावला होता. पाणी हवं तेव्हा चिमटा काढायचा. चाव्या मात्र कायम उघड्या. त्यांच्यावर लाल नेलपॉलिशच्या खुणा होत्या आणि हलू नयेत म्हणून बँडेज गुंडाळून गाठ मारली होती.

मी गाठीला हात घातला तशा मावशी पुढे आल्या. "न्हाय मॅडम. माझा अंदाज मोडतोय."

"कसला अंदाज?"

"एवढं गरम, एवढं गार. मागं एका नव्या पोरीनं नुसता गरम सोडला. बाळाच्या अंगावर पडायच्या आत मी टब वडला. त्या दिवसापासनं चावीला कुणाचा हात लागू देत न्हाय."

सिस्टरनाही हे कारण माहीत नव्हतं. त्यांना वाटायचं, मावशींची शिस्त आहे.

"मावशी, आजच्या दिवस बंद करू. संध्याकाळी परत लावू. तुम्ही आणि मी मिळून. दुसरं कुणी हात लावणार नाही."

त्यांनी स्वतः गाठ सोडली. मी दोन्ही चाव्या फिरवल्या. डक्टमधून आरोळी आली, "थांबलं! थांबलं की ओ!"

चव्हाण दारात येऊन उभे राहिले. चिमट्याकडे बघत म्हणाले, "मावशी, निम्मा दिवस तुमच्या चिमट्यानं धरून ठेवलासा."

"मग चिमटा चांगला हाय म्हणायचा. तुझ्या पावापरास तरी बरा."

सगळे हसले. मी घड्याळ बघितलं आणि हसणं आवरलं. वेळ निम्माच उरला होता, काम सगळं होतं. त्यात दुपारी फुटबॉलची मॅच होती. पेठेचा संघ खेळणार म्हणजे काय, हे कोल्हापुरात वेगळं सांगावं लागत नाही. माणसांची आपसात चुळबुळ सुरू झाली.

"मॅच चारला, पाणी सहाला," मी म्हणाले. "काय ते ठरवा."

चव्हाणांनी माणसांकडे बघितलं. "मॅच पेपरात बी वाचता येतीया. चला, सोल्युशन उघडा."

जेवण झालं नाही. कापलेली तोंडं फडक्यानं पुसून कोरडी केली. एकेक जोड मारला आणि सोल्युशन वाळेपर्यंत त्याला कुणी हात लावला नाही. मध्येच रस्त्यावर फटाके वाजले. एक जण म्हणाला, "गोल!" चव्हाण म्हणाले, "कुणाचा?" उत्तर कुणालाच माहीत नव्हतं. काम थांबलं नाही.

सहाच्या जरा आधी मी व्हॉल्व्ह हळूहळू उघडला. आधी हवा फुसफुसली, मग पाणी आलं. बराच वेळ वाहू दिलं. जोडांवरून हात फिरवला, सगळे कोरडे. ती आई बादली घेऊन दारात उभीच होती. डॉक्टरांनी येऊन नळाखाली बोट धरलं आणि लगेच मागे घेतलं. "ठीक आहे," म्हणाले. त्यांच्या तोंडून ही शाबासकीच.

मी सामान आवरत होते. मावशी म्हणाल्या, "माझा अंदाज?"

आम्ही चाव्या नेलपॉलिशच्या खुणांवर आणल्या. मावशींनी चिमटा काढला, नेहमीसारखं कोपर पाण्यात घातलं आणि झटकन बाहेर ओढलं.

"आगं आई! पोळतंय की!"

खुणा त्याच होत्या, पाइप तो नव्हता. जुन्या पाइपात गंज चढून वाट बारीक झाली होती, त्यामुळे गरम पाणी कमी यायचं. मावशींचा अंदाज त्या गंजावर बसवलेला होता. नव्या पाइपातून पाणी पूर्ण जोरानं आलं. मावशींनी आठवण केली नसती, तर मी घरी गेले असते. सकाळच्या पहिल्या अंघोळीला कुणीतरी चावी खुणेवर आणली असती.

थर्मामीटर लावून आम्ही चाव्या परत बसवल्या. सिस्टरनी जुन्या खुणा पुसल्या आणि निळ्या रंगानं नव्या केल्या. अंघोळ झाली की चाव्याच बंद करायच्या आणि दर अंघोळीला आधी कोपर घालायचं, हे मावशींनी कबूल केलं. कोपराचं तर मला सांगायचीही गरज नव्हती.

ओटीच्या छतावरचा डाग वाळला. वर रंग दिला. पुढच्या मजल्याच्या करारात मी अट बदलली : लाइन बंद करण्याआधी इन्चार्ज सिस्टरनी प्रत्येक मिक्सरच्या चाव्या बघायच्या, तोंड नव्हे. आणि दुरुस्तीनंतर पाणी किती गरम येतं ते मोजूनच वॉर्ड ताब्यात द्यायचा. नळ बंद आहे असं माणूस सांगतो, तेव्हा तो पाणी पडत नाही एवढंच सांगत असतो.

त्या खोलीत खरं तर स्वतःच गरम-गार जुळवणारा मिक्सर हवा. त्यातून ठरलेल्यापेक्षा गरम पाणी येतच नाही. मागणी मी त्याच आठवड्यात दिली आहे. परचेस कमिटीनं दोनदा विचारलं, साधा नळ का चालत नाही. दोनदा लिहून दिलं. मिक्सर अजून आलेला नाही. मावशी येत्या मे महिन्यात रिटायर होत आहेत.