कोचवहिनींना नको असलेला कप

कोचवहिनींसमोर कुणी 'चॅम्पियन' हा शब्द काढला की त्या लगेच विचारायच्या, "कुणाशी खेळून?" पटणारं उत्तर येईपर्यंत त्या समोरच्याला सोडत नसत. जर्मनीतल्या वोल्फ्सबुर्गच्या आमच्या छोट्या बेसबॉल क्लबात आलेला प्रत्येक जण या प्रश्नातून गेला आहे. मीही गेलो.

त्या चौधरीसाहेबांच्या पत्नी. साहेब कारखान्यात माझे सीनियर, म्हणून त्या माझ्या वहिनी. आणि क्लबच्या कोच, म्हणून कोचवहिनी. जळगावला कॉलेजात असताना त्या सॉफ्टबॉल गाजवत. इथे आल्यावर क्लबात बेसबॉल खेळू लागल्या आणि काही वर्षांनी कोच झाल्या. बाईमाणूस पुरुषांना शिकवणार म्हणताच दोन-तीन जण क्लब सोडून गेले. त्यांना वळवायला वहिनी गेल्या नाहीत. "जागा झाली," एवढंच म्हणाल्या आणि नवे खेळाडू शोधून आणले. त्यातलाच मी एक. तोवर मी आयुष्यात फक्त क्रिकेट खेळलो होतो आणि चेंडू मारल्यावर बॅट हातात घेऊनच पळायचो.

सरावाआधी अंग मोकळं करताना त्या अमेरिकेतल्या व्यावसायिक बेसबॉलच्या गोष्टी सांगायच्या. जर्मन मोडकं होतं, पण आवाज मैदानाच्या टोकापर्यंत जायचा. तिथे दोन मोठ्या लीग आहेत आणि दोघींच्या विजेत्यांमध्ये मोसमाच्या शेवटी जगज्जेतेपदाची मालिका होते. ती नुकती सुरू झाली होती, तेव्हाच एका वर्षी एका लीगच्या विजेत्यांनी दुसऱ्या लीगला हलकं ठरवून मैदानात उतरायलाच नकार दिला. त्या वर्षी जगज्जेता कुणीच नाही. पुढे कित्येक वर्षं काळ्या खेळाडूंना या दोन्ही लीगमध्ये येऊच दिलं नाही. त्यांनी आपल्या लीग उभ्या केल्या, आपली जगज्जेतेपदाची मालिका खेळली. इथपर्यंत आलं की वहिनींचा आवाज चढायचा. "ज्यांना खेळू दिलं नाही त्यांना हरवलं, असं म्हणता येत नाही," त्या म्हणायच्या. आमचा कॅचर गंभीरपणे "गेनाऊ", अगदी बरोबर, म्हणायचा आणि सराव सुरू व्हायचा.

मग आमच्या छोट्या लीगच्या अंतिम सामन्याचा दिवस आला. क्लबने कप कधीच जिंकला नव्हता. समोरचा संघ दुसऱ्या शहरातून दोन गाड्यांनी निघाला होता. त्यातली एकच पोचली. दुसरी आउटोबान महामार्गावर श्टाऊमध्ये, म्हणजे वाहनांच्या कोंडीत, अडकली. नऊ हवेत तिथे मैदानात त्यांचे पाचच जण होते. ठरलेली वेळ टळली, वर दिलेली सवलतही संपली. अंपायरने सांगितलं, नियमाने कप तुमचा. पण तुमच्या कोचची हरकत नसेल तर मी थांबायला तयार आहे.

क्लबचे अध्यक्ष तोवर कपाजवळ जाऊन उभे राहिले होते. वहिनी म्हणाल्या, आम्ही थांबतो. अध्यक्षांनी त्यांना बाजूला घेतलं. खेळाडूंनी वर्षभर घाम गाळलाय, नियम आपल्या बाजूने आहे, हा हट्ट कशासाठी, असं बरंच बोलले. शेवटी म्हणाले की थांबलात आणि हरलात तर पुढच्या मोसमात तुम्ही कोच नसाल.

वहिनी आमच्याकडे वळल्या. मला वाटलं, आम्हाला विचारतील. त्यांनी विचारलं नाही. "ते येतील. आपण खेळणार आहोत. ज्याला न खेळता कप हवा असेल त्याने आत्ता घरी जावं."

कुणी गेलं नाही. खरं सांगायचं तर दोघा-तिघांच्या मनात होतं, आणि त्यात मी होतो.

गाडी आली. सामना झाला. इतका चांगला आम्ही आधी कधी खेळलो नव्हतो, आणि एका रनने हरलो. वहिनींनी समोरच्या प्रत्येकाशी हात मिळवला. परतताना कारमध्ये त्या पुढे बसल्या होत्या आणि साहेब गाडी चालवत होते. "अहो, जरा हळू चालवा," एवढंच त्या वाटेत बोलल्या. डोळे पुसत होत्या, पण मान खाली नव्हती.

अध्यक्षांनी शब्द पाळला. वसंतात नवा कोच आला. पहिल्याच सरावाला वहिनी जाळीच्या बाहेर उभ्या राहिल्या आणि मला मराठीतून सूचना द्यायला लागल्या: पायांत अंतर ठेवा, नजर चेंडूवर, आता पळा. मी त्या जर्मनमधून पुढे पोचवायचो. अध्यक्ष जाळीपाशी आले आणि बाहेरून कोचिंग करायला मनाई आहे म्हणाले. वहिनी म्हणाल्या, मी माझ्या दिराशी घरचं बोलतेय.

त्या मोसमात आम्ही सपाटून हरलो. साहेबांच्या निवृत्तीची वेळ आली, घराचं सामान बांधायला घेतलं, तेव्हा अध्यक्ष त्यांच्या घरी आले. मी खोकी भरायला गेलो होतो. परत कोच व्हा, असं ते म्हणाले. साहेबांना हवं तर जळगावला जाऊ द्या, तुम्ही मोसमभर थांबा. वहिनींनी त्यांना बसायला खोकंच दिलं.

"त्या दिवशी माझं बरोबर होतं, हे क्लबच्या सभेत उभं राहून सांगाल?"

माणूस खोटा नव्हता. "नाही," ते म्हणाले. "मला अजूनही तसं वाटत नाही."

"मग चहा घ्या," वहिनी म्हणाल्या, "आणि भाऊजी, ते बसलेत ते खोकं सोडून बाकीची बांधून टाका."