नेरच्या कपाटातली अकरा पुस्तकं

किस्से साचतात ते पुस्तकावरच्या धुळीसारखे; कोणी आणून टाकत नाही, पण बोट फिरवलं की निघतात. माझ्या डायरीत तर एकाच कपाटाचे किती तरी!

नेरच्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत महिन्यातून एका रविवारी दुपारी आम्ही जमतो. प्रत्येकाच्या घरी कोणाला ना कोणाला स्किझोफ्रेनिया. कपाटात त्यावरची अकरा पुस्तकं. माझा धाकटा भाऊ सुधाकर सोबत येतो, खिडकीशी बसतो. "आवाज-बिवाज काही नाही, नाटकं करून राह्यला तू!" असं मी एकदा चिडून म्हटलं. तेव्हापासून चार वर्षं तो माझ्याशी बोलला नाही. तो एकदा बोलावा, म्हणून मी अकराही पुस्तकं वाचली.

रशीदभाई मेकॅनिक. बायकोच्या आजारासाठी पुस्तक नेतात, गॅरेजमध्येच वाचतात. परत येतं तेव्हा पानांवर ऑइलचे अंगठे! मी कुरकुरले, तर आमच्यातल्याच कमलमावशी म्हणाल्या, "राहू दे ना बाई. जिथं अंगठा काळा, तिथंच कामाचं लिवलं असते!"

आता आम्ही सगळे तीच पानं आधी उघडतो.

या मावशींना स्वतःला वाचता येत नाही. वाचून दाखवतो त्यांचा मुलगा बंडू, म्हणजे ज्याला आजार आहे तोच! एकदा तो मध्येच दोन पानं उलटून पुढे गेला.

"काहून रे, सोडलं काहून?"

"नाही वाचत मी हे. इथं माही बदनामी करून राह्यले!"

एका पुस्तकाच्या समासात कोणीतरी पेन्सिलीनं विचारलं होतं, 'यातून माणूस परत येतो का?' पुढच्या महिन्यात खाली दुसरं अक्षर: 'आमची येते, पुन्हा जाते.' मग तिसरं: 'आमच्यानं आज चहा केला. साखर नव्हती. सगळ्यांनी दोन-दोन कप घेतला.'

कोणी लिहिलं, आम्ही विचारत नाही.

आणि परवाची गोष्ट. परतीची बस जिनिंगच्या कारखान्यापाशी थांबली. उन्हात कापसाचे तंतू तरंगत होते, खिडकीतून आत येऊन कोणाच्या खांद्यावर, कोणाच्या पिशवीवर अलगद बसत होते. पुस्तकात लिहिलंय, वाद घालू नका, विचारा. मी हळूच म्हटलं, "सुध्या, माहं चुकलं तवा. ते आवाज... काय म्हणतात रे तुले?"

त्यानं बाहीवरचा एक तंतू बोटावर घेतला. पाहत राहिला. बस निघाली. दोन थांबे गेले.

मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "ताई, आता चूप हायेत. तूबी चूप राय."