वेदीवरून दिलेलं आमंत्रण

मुलीच्या सातव्या वाढदिवसाचं आमंत्रण मी पाळकांकडून वेदीवरून वाचून घेतलं आणि काम झालं असं समजून मोकळा झालो. आमच्या नगरकडे हीच रीत. रविवारची उपासना संपता संपता पाळक सांगतात, अमक्यांच्या घरी संध्याकाळी उपकारस्तुतीची प्रार्थना आहे, मंडळीने यावे. मंडळी येते. दारात चपलांचा ढीग पडतो, आणि जो येत नाही त्याला पुढच्या रविवारी कारण सांगावं लागतं. लखनौलाही माणसं ख्रिस्तीच होती आणि उपासना रविवारीच होती. इथे काही वेगळं असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. वनस्पतींच्या एका संशोधन संस्थेत नोकरी लागली म्हणून आम्ही लखनौला आलो, त्याला आठ महिने झाले होते. महानगर नावाच्या वस्तीत भाड्याचं घर होतं. मुलीचं तोंड घरात क्षणभर बंद नसे, पण उंबरा ओलांडला की ती मुकी होई. शाळेत गप्प, संडे स्कूलमध्ये गप्प. वर्गातल्या बाईंनी तर एकदा माझ्या बायकोला बोलावून विचारलं होतं, मुलीला ऐकू येतं ना नीट?

त्याच दिवशी घरी येऊन बायकोने मला सांगून टाकलं, की उन्हाळ्यापर्यंत पोर रुळली नाही तर तिला घेऊन मी नगरला माहेरी जाणार आणि तिकडच्याच शाळेत घालणार. तुम्ही राहा इथे तुमच्या पानाफुलांजवळ. ती चिडून बोलली असती तर मी मनावर घेतलं नसतं. पण मटार सोलता सोलता, आवाज न चढवता बोलली, म्हणून मी घाबरलो. एकट्याने राहण्याची मला आधीपासून भीती आहे आणि ती मी कधी कुणाला सांगितलेली नाही. वाढदिवसाला चर्चमधली मुलं घरी बोलवायची ही कल्पनाही तिचीच. एकदा घरात येऊन खेळली की बाहेरही ओळख देतील, असा तिचा हिशेब. आमंत्रणाची जबाबदारी तेवढी माझ्याकडे होती.

फेब्रुवारीतला रविवार होता. उपासनेनंतर सगळे चर्चच्या हिरवळीवर उन्हात चहा प्यायला थांबले. पाळकांनी घोषणा केलेलीच होती, त्यामुळे जो तो येऊन माझा हात हातात घेत होता. मुबारक हो, ख़ुदा बच्ची को सलामत रखे. मी प्रत्येकाला म्हणत होतो, शामको आना, हां. आणि प्रत्येक जण म्हणत होता, अरे क्यों नहीं, ज़रूर! लोक हसत होते, लहान मुलं बाकांखालून पळत होती, कुणीतरी पेटीवर पुन्हा एक भजन धरलं होतं. माझ्या अंदाजाने चाळीस माणसं नक्की झाली. घरी येऊन मी जवळच्या कपूरथळा चौकातल्या हलवायाकडून त्या बेताने समोसे आणले. चिवडा हिने आदल्या दिवशीच केला होता.

वेळ चारची दिली होती. साडेचार झाले. पाच वाजायला आले. मुलगी गुलाबी फ्रॉक घालून दिवाणखान्यातल्या खुर्चीवर बसली होती आणि पाय हलवत नव्हती. बायको स्वयंपाकघरातून बाहेर येई, रस्त्याकडे बघे आणि परत जाई. मी फुग्यांच्या दोऱ्या पुन्हा पुन्हा बांधत होतो.

एकच पाहुणी आली, चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या म्हाताऱ्या बाई. त्या छावणीच्या बाजूला राहायच्या. केकचं भांडं त्यांच्याकडून आणायला बायको त्यांच्या घरी गेली होती, तेव्हा या म्हणून सांगून आली होती. त्यांनी रिकाम्या खोलीकडे पाहिलं, फुग्यांकडे पाहिलं, आणि मला विचारलं, "भाईसाहब, आप बुलाने किस-किसके यहाँ गए थे?"

मी म्हटलं, "घोषणा तो हुआ ना चर्च में."

"वह तो दुआ के लिए हुआ," त्या म्हणाल्या. "दावत के लिए तो घर जाना पड़ता है। बिना बुलाए कौन आएगा? सब सोच रहे होंगे कि आपने हमें इस लायक़ नहीं समझा।"

म्हणजे चाळीस माणसं आपापल्या घरी माझ्यावर रुसून बसली होती. मला आधी राग आला. सकाळी हात धरून ज़रूर म्हणायचं आणि संध्याकाळी घरात बसायचं, ही कुठली पद्धत? माझा स्वभाव ताठ आहे, कुणाच्या दारात जाऊन विनवण्या करायचं मला जमत नाही. पण खुर्चीवर मुलगी बसलेली होती. मी स्कूटरची किल्ली घेतली. ती उठली आणि न विचारता माझ्या मागे आली.

पहिलं घर बँकेतल्या एका गृहस्थांचं, दोन गल्ल्या सोडून. त्यांच्या दोन मुली माझ्या मुलीबरोबर संडे स्कूलमध्ये होत्या. त्यांनी बैठिए म्हटलं, पाणी आणवलं, मौसम कसा छान आहे ते सांगितलं. मीही मौसमाबद्दल बोललो. मूळ गोष्ट माझ्या तोंडातून निघेना. आता पाच वाजून गेल्यावर चार वाजताचं आमंत्रण कसं द्यायचं, तेही माझ्या त्या हिंदीत?

तेवढ्यात माझ्या कोपरामागून आवाज आला, "अंकल, आज हमारा बर्थडे है। पापा सुबह आना भूल गए थे। आप लोग अभी चलिए ना, केक नहीं कटा है।"

एकही चूक नाही, अडखळणं नाही. लखनौचीच एखादी मुलगी बोलावी तसं. आठ महिने ती गप्प बसून नुसतं ऐकत होती, एवढाच त्याचा अर्थ. गृहस्थ उठून उभे राहिले. त्यांच्या बायकोने चपला शोधायला घेतल्या.

पुढच्या पाच घरांत मी फक्त दारात उभा राहिलो. बोलली ती.

साडेसहा वाजता आमच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. ऑर्गनवाल्या बाईंनी प्रार्थना केली, मुलीने केक कापला, समोसे कमी पडले. बँकेतल्या गृहस्थांच्या मुलींनी आमच्या मुलीला मध्ये घेऊन पलंगावर उड्या मारल्या आणि पलंगाची एक पट्टी मोडली. मला फार आनंद झाला. पट्टीसकट.

लोक गेल्यावर बायको बशा गोळा करत होती. मुलगी तिच्या मागेमागे फिरत होती. हिने सहज विचारावं तसं विचारलं, "मग, सुट्टीत जायचं ना नगरला? तिथल्या शाळेत नाव घालायचं?"

मी मोडलेली पट्टी हातात धरून थांबलो.

"नहीं मम्मी," मुलगी म्हणाली, "हमें नहीं जाना। छुट्टियों में हम मलिहाबाद जाएँगे, वहाँ उन दोनों बहनों के मामा का आम का बाग़ है।"

घरात आईला तिने हिंदीत उत्तर दिलं ते पहिल्यांदाच. बायकोने बशा खाली ठेवल्या. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मी हळूच म्हटलं, "अगं, हेच हवं होतं ना तुला?"

"हो," ती म्हणाली, "हेच हवं होतं."

माहेरी जाण्याचा विषय तिने पुन्हा काढला नाही. मुलीला मराठी अजूनही सगळं समजतं; उत्तर ती हिंदीत देते. आम्ही तिघं एका घरात राहिलो, मला तेवढं पुरलं. हिला पुरलं का, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.